खुन्याच्या भूमिकेत श्री. दामोदर साळवे

आमच्या डोंबिवलीच्या घरात शेकडो थरारपट सुरू झाले, पण त्यातला एकही पुरा झाला नाही. याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो माझ्या सासूबाईंना. त्या सोफ्यावर पाय वर घेऊन मेथी निवडत बसलेल्या असायच्या. पडद्यावर अंधार, कुठेतरी पाणी ठिबकतंय, एकेक नाव येतंय आणि विरतंय. दिग्दर्शकाचं नाव येऊन गेलं की मी सिनेमा बंद करायचे आणि दुसरा लावायचे. "अगं, खून झाला की नाही तेवढं तरी बघू दे," असं त्या कळवळून म्हणायच्या. पण मला पुढच्या सिनेमाची सुरुवात बघायची असायची. शेवटी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. नुसती नावं बघून खुनी कोण ते त्या ठरवायला लागल्या, आणि मेथी निवडून होईपर्यंत त्याला शिक्षा देऊन मोकळ्याही व्हायच्या.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात मास मीडियाच्या मुलांना चित्रपट हा विषय शिकवत होते. आता निवृत्त झाले आहे. शेवटच्या वर्षाला मुलांना एक प्रकल्प असायचा आणि तो माझ्या गळ्यात पडलेला होता. कागदोपत्री त्याचं नाव होतं 'थरारपटांच्या आरंभीच्या श्रेयनामावलीचे विश्लेषण'. आम्ही सगळे त्याला टायटल्स म्हणायचो. लग्नकार्यात कोणी विचारलं, हल्ली काय शिकवतेस, तर मी हे सांगायचे, आणि समोरचा माणूस थोडा वेळ माझ्याकडे सहानुभूतीने बघून जेवणाचा विषय काढायचा. माझे यजमान एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनांचे नमुने तपासायचे. त्यांचं म्हणणं, तू आणि मी एकच काम करतो, फक्त सँपल बघतो, पूर्ण माल आपल्या नशिबात नाही.

हे काम परक्या माणसाला समजावून सांगायचं तर असं. सिनेमा सुरू होताना जी नावं येतात, तो वेळ बहुतेक लोक खुर्ची शोधण्यात आणि शेजारच्याला "जरा सरका" म्हणण्यात घालवतात. थरारपट काढणारा माणूस तेवढ्यात आपलं काम उरकत असतो. गोष्ट सुरू झालेली नसते, कोणी मेलेलं नसतं, तरी प्रेक्षकाला खुर्चीत स्वस्थ बसता येऊ नये अशी व्यवस्था त्याला करायची असते. मी मुलांना फोनचं उदाहरण द्यायचे. भरदुपारी घरून फोन येतो आणि पलीकडून आवाज येतो, "घाबरू नकोस हं." पुढे गॅस संपलाय एवढंच सांगायचं असतं, पण त्या एका वाक्याने पोटात जे होतं, ते घडवून आणायचं म्हणजे थरारपटाची टायटल्स.

आमची पद्धतही साधी होती. आधी आवाज बंद करून बघायचं. मग डोळे मिटून नुसतं ऐकायचं. मग फक्त नावांकडे बघायचं, नाव कुठे उमटतं, माणसाच्या चेहऱ्यावर की बंद दारावर, किती वेळ थांबतं, जाताना विरतं की तुटतं. हे सगळं टिपून झालं की प्रत्येक गोष्टीपुढे 'का' असं लिहायचं आणि उत्तर शोधायचं. 'का' हा शब्द मी फळ्यावर लिहिला की निम्म्या वर्गाला तहान लागायची.

उत्तरंही एकेक मिळायची. एका मुलाने प्रत्येक सिनेमापुढे 'लाल रंग धोक्याचे प्रतीक आहे' असं लिहिलं होतं. त्यातला एक सिनेमा कृष्णधवल होता. मी विचारलं, तर तो अजिबात न गडबडता म्हणाला, "मॅम, मनातला लाल." त्या उत्तराला मी मार्क दिले. एका मुलीने अगदी प्रामाणिकपणे पहिल्या चौकटीपासून विश्लेषण केलं. तंबाखूचा इशारा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र, सराफांचे आभार, फरसाणवाल्यांचे आभार, काही सोडलं नाही. तिचा निष्कर्ष होता की मराठी थरारपटातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट तंबाखू आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे एक परीक्षक अंधार झाला की डुलक्या घ्यायचे आणि पडद्यावरची किंकाळी ऐकून जागे व्हायचे. उठल्या उठल्या ते "प्रभावी आहे" म्हणायचे आणि आम्ही तेच अभिप्रायात लिहायचो. शेवटच्या काही वर्षांत मुलं मोबाइलला विचारून सगळं लिहून आणायला लागली होती. त्यात चुका नसायच्या, त्यामुळे हसायलाही यायचं नाही. निवृत्त होताना मला ज्या थोड्या गोष्टींचं वाईट वाटलं, त्यात ही एक होती.

नावांच्या बाबतीत आमच्या मुलांना वेगळं शिकवावंही लागायचं नाही. लग्नपत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर घालायचं, यावरून घरात झालेली भांडणं त्यांनी लहानपणापासून बघितलेली असतात. चौकातल्या फलकावर कोणाचा फोटो मोठा आणि कोणाचा बोरासारखा, हेही त्यांना पाठ असतं. नाव ही आपल्याकडे फार नाजूक वस्तू आहे. प्रज्ञा साळवेच्या प्रकल्पात मला ते पुरतं कळलं.

प्रज्ञा कल्याण पूर्वेची. वर्गात मागे बसायची, बोलायची कमी. पण एखादी सुरुवात बघून झाली की हळूच म्हणायची, "मॅम, तो दरवाजा जरा जास्त वेळ उघडा राहिला ना?" आम्ही परत लावून बघायचो आणि तो खरंच जास्त वेळ उघडा असायचा. संकलन, म्हणजे चित्रित केलेल्या तुकड्यांतलं काय ठेवायचं, काय कापायचं आणि कशाला काय जोडायचं, हे तिला कोणी न शिकवता येत होतं. माझा एक जुना विद्यार्थी माजिवड्याला एका छोट्या स्टुडिओत हेच काम करायचा. मी प्रज्ञाचं काम त्याला दाखवलं, आणि परीक्षा झाली की ये, असा त्याने निरोप पाठवला. मी मिठाई आणायचीच बाकी होती, तेवढ्यात प्रज्ञाने सांगितलं की पप्पा नाही म्हणतात.

तिचे वडील, दामोदर साळवे, खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. मुलीने बँकेत जावं, टेबलावर तिच्या नावाची पाटी असावी, अशी त्यांची इच्छा. सिनेमाला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच की ज्या कामात नाव नाही ते काम करायचं नाही. बँकेच्या परीक्षेचा क्लासही बघून ठेवलेला होता. प्रज्ञाने मग एक डाव टाकला. प्रकल्पात विश्लेषणाबरोबर मुलांना एका काल्पनिक थरारपटाची टायटल्स स्वतः बनवायची असत. त्यातल्या एकमेव पात्राचं काम तिने वडिलांनाच दिलं. हौशी नाटकात काम केलेला माणूस, तो लगेच तयार झाला. काम जवळून बघितलं की पप्पांचं मत बदलेल, असा तिचा हिशोब होता. बदललं तर माजिवडा, नाही तर क्लास.

तिचा जोडीदार होता डोंबिवलीचा ओंकार. त्याला कॅमेऱ्यातलं फारसं कळत नव्हतं, पण कोणाकडून काय मागून आणायचं ते पक्कं कळायचं. मामाचा कॅमेरा आणला, नाक्यावरच्या चहावाल्याची शेगडी आणली, एका सोसायटीचा जिना मागितला. आणि प्रत्येकाला सांगून आला की तुमचं नाव पडद्यावर येणार.

एका दुपारी त्यांनी मला पहिला खर्डा दाखवला. पहाटेचं स्वयंपाकघर, पाठमोरा माणूस, शेगडीवर चहा. सुरुवात बरी होती. मग ओंकारचा आवाज सुरू झाला, गणेशोत्सवात माइकवरून असतो तसला. सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार, जिना धुऊन देणारे, कॅमेऱ्याचे मामा, त्या मामांचे भागीदार, शेगडीवाले, सगळ्यांचे हार्दिक आभार. चहा तोवर उकळून आटला असता. आणि सरतेशेवटी ताशाच्या गजरात सोनेरी अक्षरं गरगरत पुढे आली आणि ओंकारने गर्जना केली, "आणि खुन्याच्या भूमिकेत, श्री. दामोदर साळवे."

मी ते तिथेच थांबवायला सांगितलं. थरारपटाच्या पहिल्या दोन मिनिटांत खुनी कोण ते नाव आणि भूमिकेसकट सांगणारा प्रकल्प माझ्या उभ्या नोकरीत आला नव्हता. ओंकार म्हणाला, "मॅम, काकांनी अट घातलेली. नाव पण पाहिजे आणि रोल पण पाहिजे. मी बोललो, काका, सस्पेन्सचा बाजार उठेल. ते बोलले, नाटकात सांगतातच की."

आणि सांगतातच. आपल्याकडे ऑफिसच्या, सोसायटीच्या नाटकात पडदा उघडायच्या आधी एक गृहस्थ माइकपाशी येतात आणि पात्रपरिचय वाचतात. इन्स्पेक्टरच्या भूमिकेत अमुक, आईच्या भूमिकेत तमुक. रहस्यनाटक असलं तरी वाचतात. खुन्याचं नाव आलं की त्याच्या बिऱ्हाडातून सगळ्यात जास्त टाळ्या येतात, आणि तरीही लोक पुढचे दोन तास खुनी कोण म्हणून श्वास रोखून बसतात. हे आठवून मला असं हसू लोटलं की मी चष्मा काढून ठेवला. मग बघितलं तर प्रज्ञा हसत नव्हती. ती म्हणाली, "मॅम, रोल काढला तर पप्पा रुसतील. ठेवला तर प्रोजेक्ट गेलं. मी काय करू?"

मी म्हटलं, त्यांना माझ्याकडे पाठव.

दोन दिवसांनी ते आमच्या स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, शिडशिडीत अंगकाठी, इतकं सौम्य तोंड की बसमध्ये शेजारी बसले तर आपण त्यांना आपली पिशवी सांभाळायला देऊ. "नमस्कार मॅडम," ते म्हणाले, "मी साळवे. प्रज्ञाच्या पिक्चरमधला खुनी." इतिहासाच्या बाईंच्या हातातला चहा हिंदकळला.

मी त्यांना सगळं समजावलं. नाटकातलं वेगळं, पडद्यावरचं वेगळं, इथे लोकांना आधी कळू द्यायचं नसतं, आणि दोन मिनिटांच्या वर गेलं तर मुलांचे मार्क जातात. ते लक्षपूर्वक ऐकत होते. मधे मधे मान डोलवत होते. मला वाटलं, जिंकलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, नाव नुसतं आलं आणि लोकांना कळलंच नाही की हा कोण, तर ते नाव येऊन उपयोग काय?"

विषय बदलायला म्हणून मी माजिवड्याचं काढलं. मुलगी हुशार आहे, जागा चांगली आहे, हे सगळं बोलले. त्यांनी तेही ऐकून घेतलं. म्हणाले, अपघात न करता गाडी चालवली म्हणून ड्रायव्हरचा सत्कार होतो, ते योग्यच आहे, पण ब्रेक कोणी बघितले ते कोणी विचारत नाही. माझं आयुष्य गाडीच्या खाली गेलं, मुलीचं पडद्याच्या मागे जाऊ नये. बोलण्यात तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं सांगून ते उठले. प्रदर्शनाच्या दिवशी मी पालकांनाही बोलवायचे, पोरं वर्षभर काय करतात ते एकदा तरी त्यांना दिसावं म्हणून. तसं मी त्यांनाही बोलावलं. त्यांनी विचारलं, डेपोतल्या मित्रांना आणलं तर चालेल का. मी हो म्हटलं आणि ते गेल्यावर डोक्याला हात लावला.

हा सगळा संवाद मी प्रज्ञाला सांगितला. नाव येऊन उपयोग काय, या प्रश्नापाशी ती थांबली. मग काही दिवस ती मला दिसलीच नाही. ओंकार सांगायचा की ती एडिटिंगच्या खोलीत असते आणि फार लोड घेते.

नवा खर्डा घेऊन आली तेव्हा सवयीने मी तो आधी आवाज बंद करून बघितला, मग आवाज लावून. ओंकारचं माइकवरचं बोलणं गेलं होतं. आभाराची सगळी मंडळी तिने सोसायटीच्या जिन्यावर बसवली होती, एकेका पायरीवर एकेक नाव, कॅमेरा सरसर वर चढत जातो आणि नावं मागे पडतात. सेक्रेटरींचं नाव सगळ्यात वरच्या पायरीवर, म्हणजे तेही खूश. वडिलांचं नाव ठेवलं होतं, भूमिका काढली होती. ते नाव कुठे आणि कसं येतं ते बघून मी पुन्हा लावायला सांगितलं. मग शेवटची पाटी आली आणि मला एक गोष्ट खटकली. संकलन, प्रज्ञा साळवे, असं कुठेच नव्हतं. शेवटी नुसतं 'आणि इतर' होतं.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "राहू दे ना मॅम. दोन मिनिटांत बसत नाहीये. पप्पांचं नाव घाईत आलं तर मेलं ते. मी केलंय हे सगळ्यांना माहितीये की." तिचा हिशोब बरोबर होता, म्हणून मीही ताणून धरलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी साळवे सगळ्यांच्या आधी आले. बरोबर त्यांच्या पत्नी, डेपोतले दोन मित्र आणि जिन्याचे सेक्रेटरी. सेक्रेटरींनी सफारी घातली होती. परीक्षक यावेळी जागे राहणारे मिळाले होते. दोन-तीन प्रकल्प झाले, मग ओंकारने प्रज्ञाचं नाव पुकारलं आणि दिवे गेले.

पहाटेचं स्वयंपाकघर. शेगडीचा आवाज आणि बाकी काही नाही. जिना आला, नावं आली, मागे पडली. आमच्यामागे सेक्रेटरी समाधानाने खाकरले. पुन्हा स्वयंपाकघर. साळवे चहा गाळतात. ओट्यावर दोन कप मांडतात. किटली उचलतात. मग दुसऱ्या कपाकडे बघत थांबतात. तो कप उचलतात, फडक्याने पुसतात, आणि परत मांडणीवर ठेवून देतात. त्याच क्षणी शेगडी बंद होते आणि सगळा आवाज जातो. ओट्यावर जिथे तो दुसरा कप होता त्या रिकाम्या जागी अगदी साधी अक्षरं उमटतात, दामोदर साळवे. नाव थांबतं. त्या घरात दुसरं माणूस होतं आणि आता ते नाही, हे कोणी न सांगता कळतं. हॉलमध्ये एक बाई "अगंबाई" म्हणाल्या आणि त्यांच्या मुलाने त्यांना गप्प केलं. मग सिनेमाचं नाव, मग काळ्यावर पांढरं 'आणि इतर', आणि दिवे लागले.

टाळ्या बऱ्या पडल्या. परीक्षकांनी चष्मा सारखा केला आणि अक्षरांच्या वळणाबद्दल काहीतरी विचारायला सुरुवात केली. तेवढ्यात मागे साळवे उभे राहिले आणि शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"साहेब, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "शेवटी आणि इतर आलं, त्यात कोण कोण आहे?"

ओंकार घाईने पुढे झाला आणि चहावाला, लाइट धरणारा मित्र अशी नावं मोजायला लागला. प्रज्ञाने त्याला थांबवलं.

"मी आहे, पप्पा."

ते चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते परीक्षकांशीच बोलले, तेही अगदी हळू आवाजात. "साहेब, मी डेपोच्या नाटकात काम करायचो. आमच्या वस्तीत जयंतीचं नाटक व्हायचं, त्यात पण. हवालदार झालो, गडी झालो, एकदा तर प्रेत झालेलो. पडदा उघडायच्या आधी माइकवर नावं वाचायचे. इन्स्पेक्टर कोण, डॉक्टर कोण. आमच्यापर्यंत आले की वेळ संपायचा. मग आणि इतर. घरी आल्यावर ही विचारायची, पप्पा, तुमचं नाव का नाही आलं." ते माझ्याकडे वळले. "बघा मॅडम, हेच म्हणत होतो मी. अजून नोकरीला लागली नाही, तर पोरगी इतरांत जाऊन बसली."

साळवे पुन्हा परीक्षकांना म्हणाले, "माझं काढा आणि तिचं घाला. मला सवय आहे."

माझ्या मनात आलं, संपलं, गेलं माजिवडा. ज्या गोष्टीने त्यांचं मन वळवायचं, तिनेच त्यांची भीती खरी करून दाखवली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी उठले, पण प्रज्ञा आधीच बोलायला लागली होती. वर्गात मागे बसणाऱ्या या मुलीचा एवढा ठाम आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"नाही काढणार," ती म्हणाली. "पप्पा, तुमचं नाव कुठे आलं बघितलं ना? कपाच्या जागी. त्या काकू दचकल्या. तुम्ही मॅमना विचारलेलं ना, हा कोण ते कळलं नाही तर नाव येऊन उपयोग काय. आज कोणी सांगितलं खुनी कोण ते? तरी सगळ्यांना कळलं."

साळव्यांनी त्या अगंबाईवाल्या बाईंकडे बघितलं. त्या बाईंनी मान डोलावली, आणि जरा लांब सरकल्या.

"कुठलं नाव कधी येणार, कशावर येणार, किती थांबणार, ते मी ठरवलं," प्रज्ञा म्हणाली. "ते माझं काम आहे, पप्पा. मला हेच करायचंय."

"आणि तुझं नाव?"

"येईल. ते पण नीट लावीन. जागा नसेल तिथे कोंबणार नाही."

ते खाली बसले आणि म्हणाले, "परत दाखव."

नियमात ते बसत नव्हतं, पण परीक्षकांनी स्वतःच दिव्यांकडे बोट दाखवलं. अंधार झाला. मी यावेळी पडद्याकडे बघितलंच नाही, साळव्यांकडे बघत होते. मान किंचित कलती करून ते बघत होते, नव्हे, ऐकत होते. शेगडी बंद झाली आणि त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यांचा हात धरला. ते नाव पडद्यावर होतं तोवर ते जराही हलले नाहीत. आयुष्यभर नाव वाचलं जायची वाट बघितलेला माणूस आपलं नाव वाचत होता, आणि ते त्याच्या मुलीने तिथे ठेवलेलं होतं. मला ते बघताना फार आनंद झाला.

दिवे लागल्यावर त्यांनी प्रज्ञाला विचारलं, नाव अजून थोडं थांबलं असतं तर चाललं असतं का. ती म्हणाली, नाही, बिघडलं असतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि "हं" म्हणाले. डेपोतल्या मित्रांपैकी एकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि आजपासून तुझ्या घरी चहाला यायचं नाही असं जाहीर केलं. सेक्रेटरींनी जिन्याचा भागही पुन्हा बघता येईल का, अशी चौकशी केली. परीक्षकांनी अक्षरांच्या वळणाचा प्रश्न विचारलाच नाही.

सगळे पांगत होते तेव्हा मी खुर्च्या सारख्या करत होते. साळवे माझ्यापाशी आले. माजिवड्याला ते हो म्हणाले की नाही, हे मला विचारवत नव्हतं. त्यांनी दाराकडे बघितलं. तिथे प्रज्ञा आईशी बोलत उभी होती.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या माजिवड्याच्या ऑफिसात कँटीन आहे, की डबा द्यायला लागेल?"

"डबाच द्या," मी म्हटलं, आणि उरलेल्या खुर्च्या सारख्या करायला लागले.